रात्रीच्या बसपूर्वीचा आरेकिपातील एक दिवस

मूळ लेख : पाऊलखुणा

पेरूच्या दक्षिण भागात आरेकिपा नावाचे शहर आहे. लिमाहून कुस्कोला आणि पुढे माचू पिचूला जाणारे पुष्कळ प्रवासी ते वगळतात, नाहीतर केवळ बस बदलण्यासाठी तेथे उतरतात. जुलै महिन्यात मी एकटीच, एका सॅकवर, पेरूत फिरत होते आणि आरेकिपात तीन रात्री राहिले. त्यांपैकी शेवटचा दिवस, म्हणजे सकाळी खोली सोडल्यापासून रात्री साडेआठच्या कुस्कोच्या बसमध्ये बसेपर्यंतचा वेळ, येथे सविस्तर लिहीत आहे. खोली सोडलेली, सॅक हॉस्टेलच्या कपाटात आणि रात्रीची झोप बसच्या आसनावर, असा दिवस बहुतेकांचा एकतर वाट पाहण्यात जातो, नाहीतर पाहायचे राहिलेले सर्व काही त्यात कोंबले जाते. माझा अनुभव असा आहे की अशा दिवसाची आखणी रात्रीकडून सकाळकडे, म्हणजे उलट क्रमाने करावी.

म्हणून आधी त्या रात्रीविषयी लिहिते. आरेकिपा समुद्रसपाटीपासून सुमारे २३३५ मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून जवळजवळ सातशे मीटर उंच. आणि कुस्को सुमारे ३४०० मीटरांवर आहे. नकाशावर हे दोन आकडे पाहून वाटते की बस रात्रभर हळूहळू हजार मीटर चढत असेल. प्रत्यक्षात तो रस्ता ४००० मीटरांहून उंच अशा पठारावर चढतो, काही तास त्या उंचीवर राहतो आणि त्यानंतर कुस्कोकडे उतरतो. हा सारा प्रवास सुमारे दहा तासांचा आहे. झोपेत श्वास आधीच मंदावलेला असतो आणि त्यातच हवा विरळ होत जाते, त्यामुळे दिवसभर उन्हात दमलेल्या, पाणी कमी प्यायलेल्या आणि रात्री भरपेट जेवलेल्या माणसाचे डोके पहाटे ठणकू लागले तर त्यात नवल नाही. तेव्हा मी ठरवले की मुख्य जेवण दुपारीच घ्यायचे, रात्री केवळ सूप प्यायचे, पाण्याची बाटली हातातून सोडायची नाही आणि दुपारचे ऊन सावलीत घालवायचे. इतके ठरल्यावर दिवसाचा आकार आपोआप स्पष्ट झाला.

सकाळी लवकर मुख्य चौकात गेले. आरेकिपाचा जुना भाग ‘सियार’ नावाच्या पांढऱ्या दगडात बांधलेला आहे आणि या दगडाची ओळख झाल्याशिवाय शहर कळत नाही. ज्वालामुखीच्या स्फोटातून उसळलेली तप्त राख थरांनी साचून घट्ट झाली आणि तिचा हा दगड बनला. आपण ज्या काळ्या पाषाणात वाढलो, तोही ज्वालामुखीचाच. परंतु तो भेगांतून वाहत पसरलेल्या लाव्हाचा, म्हणून जड आणि छिन्नीला दाद न देणारा. सियार हलका आणि सच्छिद्र असतो, हाताला खरखरीत लागतो आणि छिन्नीला सहज वश होतो. चौकाच्या एका कोपऱ्याला लागून जेसुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे ‘ला कोम्पान्यिया’ हे चर्च आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर १६९८ हे साल कोरलेले असून तिच्यावर वेली, फुले, फळे आणि पक्षी यांची इतकी दाट कोरीव नक्षी आहे की सपाट जागा शोधावी लागते. रचना स्पेनची, परंतु पाने-फुले आणि हात स्थानिक कारागिरांचे. मी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी होते. सकाळच्या तिरप्या उजेडात नक्षीची सावली पडते आणि दहानंतर ती नाहीशी होते, त्यामुळे या चर्चला सकाळीच जावे.

चौकाची एक संपूर्ण बाजू कॅथेड्रलने व्यापलेली आहे. हे शहर १५ ऑगस्ट १५४० रोजी स्पॅनिशांनी वसवले आणि तेव्हापासून भूकंपांनी ते पुनःपुन्हा पाडले. १८६८ मध्ये मोठा विध्वंस झाला आणि २३ जून २००१ च्या भूकंपात कॅथेड्रलचा एक मनोरा कोसळला. आज तेथे पाहणाऱ्याला काहीच घडले नसावे असे वाटते, इतका तो मनोरा जसाच्या तसा पुन्हा उभारला आहे.

दिवसाचा मोठा भाग मी सांता कातालिना या मठाला दिला आणि तो निर्णय योग्य होता. १५७९ मध्ये स्थापन झालेला हा जोगिणींचा मठ सुमारे २०,००० चौरस मीटरांवर पसरलेला आहे. उंच भिंतींच्या आत एक स्वतंत्र गावच आहे, ज्यात सेव्हिल, तोलेदो, ग्रानादा, कोर्दोबा अशी स्पेनच्या शहरांची नावे दिलेल्या गल्ल्या आहेत. भिंती कोठे विटकरी तांबड्या, तर कोठे गडद निळ्या. सधन घराण्यांतील मुली येथे हुंडा देऊन प्रवेश घेत, आणि त्यांच्यासाठी त्यांचे कुटुंबीय मठाच्या आत छोटी घरे बांधून देत. त्या घरांत निजायची खोली, चूल असलेले स्वयंपाकघर, आणि कित्येक ठिकाणी सेविकांसाठीही जागा होती. १८७१ मध्ये ही पद्धत मोडून सर्वांना सामाईक जीवन लावण्यात आले. चार शतके बाहेरच्यांना बंद असलेले हे आवार १९७० मध्ये लोकांसाठी उघडले गेले, आणि उरलेल्या जोगिणी आजही एका वेगळ्या भागात राहतात.

मी तेथे जवळजवळ चार तास होते. सुरुवातीला मार्गदर्शक घेतला आणि तो गेल्यावर पुन्हा एकटीच पहिल्या दारापासून फिरले. कपडे धुण्याच्या जागेपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळले. मधोमध दगडी पन्हळ आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना मोठ्या मातीच्या रांजणांचे उभे दोन तुकडे करून त्यांची अर्धी भांडी डोणीसारखी मांडली आहेत. पन्हळीतले पाणी हाताने अडवले की ते बाजूच्या भांड्यात वळते. आपल्याकडे पाटाचे पाणी दार धरून वाफ्यात वळवतात, अगदी तसेच. स्वयंपाकघरांच्या भिंती धुराने काळ्या पडलेल्या आहेत आणि त्या कोणी रंगवल्या नाहीत, हे फार चांगले झाले. भेटीच्या खोलीत दुहेरी लाकडी जाळी आहे, जिच्यापलीकडून जोगीण घरच्या माणसांशी बोलत असे. बारा-तेरा वर्षांची मुलगी या जाळीतून आईशी काय बोलली असेल, हा विचार माझ्या मनातून दिवसभर गेला नाही.

मध्यान्हीचे ऊन अशा रीतीने जाड भिंतींच्या आत टळले. त्यानंतर जेवायला पिकान्तेरियात गेले. आरेकिपाच्या या जुन्या पद्धतीच्या खानावळी बहुतांशी स्त्रियांनी चालवलेल्या असतात. तेथे पाट्यावर मिरची वाटली जाते आणि जांभळ्या मक्याला मोड आणून केलेली आंबूस ‘चिचा’ मिळते. २०१४ मध्ये पेरूने या खानावळींना राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. चिचा किंचित मादक असते, म्हणून मी ती आदल्या दिवशीच चाखून घेतली होती. जेवणानंतर सान कामिलो बाजारात अर्धा तास फिरले आणि रात्रीसाठी फळे घेतली.

चारच्या सुमारास चिली नदीवरील पूल ओलांडून यानावारा या भागात चालत गेले. चालायला अर्धा तास पुरतो. तेथील उंचवट्यावर सियारच्या कमानींची रांग आहे, त्यांवर आरेकिपाच्या नामवंतांची वचने कोरलेली आहेत आणि कमानींतून ५८२२ मीटर उंचीचा मिस्ती ज्वालामुखी दिसतो. तो शहराच्या ईशान्येला असल्याने सकाळी सूर्य त्याच्या मागच्या बाजूने येतो आणि डोंगर नुसता धुरकट दिसतो. संध्याकाळी मात्र मावळतीचा उजेड थेट त्याच्यावर पडतो. जुलैत सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो. तपकिरी सुळका तांबूस झाला, मग जांभळट झाला आणि पाच-दहा मिनिटांत थंडी पडली.

सहाच्या सुमारास हॉस्टेलवर येऊन गरम पाण्याने अंघोळ केली, कारण खोली सोडलेल्या प्रवाशांनाही त्यांनी तेवढी मुभा दिली होती, आणि कपडे बदलून, सूप पिऊन साडेसातला टॅक्सीने निघाले. आरेकिपात बसची दोन स्थानके एकमेकांना लागून आहेत, एक जुने ‘तेर्मिनाल तेरेस्त्रे’ आणि दुसरे ‘तेर्रापुएर्तो’. तिकिटावरचे नाव न वाचता मी चुकीच्या इमारतीत शिरले, आणि सॅक पाठीवर घेऊन परत फिरण्यात वीस मिनिटे गेली. दोन्हींतले अंतर थोडेच आहे, पण गर्दीत ते लांब वाटते. तेव्हा निदान तासभर आधी पोहोचावे.

सह्यवेडा

अत्यंत उपयुक्त लेख. उलट क्रमाने आखणी करण्याची कल्पना पटली. मी पुढच्या मे महिन्यात जात आहे आणि माझ्याकडे आरेकिपासाठी दीडच दिवस आहे. कोल्का दरीची एक दिवसाची सहल पहाटे निघून संध्याकाळी पाचपर्यंत परत आणून सोडते, असे वाचले. कोंडोर गिधाडे पाहण्याची माझी फार इच्छा आहे. त्याच रात्री कुस्कोची बस धरली तर चालेल का?

पाऊलखुणा

सह्यवेडा, वेळेचे गणित जमेल, परंतु मी आपल्याला तसे करू नका असेच सांगेन. ती सहल पहाटे तीनच्या सुमारास हॉस्टेलच्या दारातून निघते, म्हणजे आदल्या रात्रीची झोप तेथेच संपते. कोल्काकडे जाताना गाडी पातापाम्पा ही सुमारे ४९०० मीटरांची खिंड ओलांडते, आणि परतताना तीच पुन्हा ओलांडते. दिवसभरात दहा तासांहून अधिक काळ गाडीत बसून आल्यावर त्याच रात्री आणखी दहा तास बस, तीही पुन्हा ४००० मीटरांवरून! आमच्या हॉस्टेलमधील एका तरुणाने नेमके असेच केले होते. कुस्कोत त्याची पुन्हा गाठ पडली, तेव्हा तो दोन दिवस अंथरुणावर पडून होता आणि ज्यासाठी घाई केली ते कुस्कोच त्याचे पाहायचे राहिले.

कोंडोर पाहायचेच असतील तर कोल्काला एक मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी परत या. दीड दिवसच असेल तर कोल्का सोडून द्या आणि तो वेळ आरेकिपाला द्या. आपल्या नावावरून आपण सह्याद्रीत भटकणारे दिसता, म्हणून आणखी एक सांगते. सह्याद्रीतल्या सवयीचा विरळ हवेत काही उपयोग होत नाही; पायात कितीही बळ असले तरी रक्ताला तेथे रुळायला दिवस लागतातच.

रानजाई

ताई, लेख दोनदा वाचला. कपडे धुण्याच्या जागेचे वर्णन वाचून मला कोकणातल्या आजोळची पन्हळ आठवली. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मी पूर्ण शाकाहारी आहे, तर तेथे माझे काय होईल? दुसरे म्हणजे, रात्रीच्या बसने एकट्या स्त्रीने जाणे कितपत सुरक्षित आहे?

पाऊलखुणा

रानजाई, आरेकिपाचे सर्वांत प्रसिद्ध पदार्थ आपल्या कामाचे नाहीत, हे आधीच सांगते. ‘रोकोतो रेयेनो’ ही भरली मिरची दिसायला आपल्या भरल्या ढोबळ्या मिरचीसारखी असते, परंतु तिच्यात खिमा असतो, आणि ‘चुपे’ या दाट सुपात नदीतील कोळंबी असते. मात्र ‘सोल्तेरितो’ नावाची कोशिंबीर अवश्य मागा. तिच्यात ताजे चीज, वालाच्या जातीचे मोठे दाणे, मक्याचे टपोरे दाणे, कांदा, टोमॅटो, ऑलिव्ह आणि बारीक चिरलेली रोकोतो मिरची असते. ती तिखट असते आणि त्या तिखटपणाला एक फळासारखा वास असतो. मिरची, बटाटा, टोमॅटो आणि मका हे सारे पोर्तुगीजांच्या काळात अमेरिका खंडातून आपल्याकडे आले, त्यामुळे त्या ताटात अनोळखी असे फारसे काही नसते. सोबत उकडलेल्या मक्याचे कणीस आणि चीज मिळते. सूप मागवताना मात्र ते कशाच्या पाण्यात शिजवले आहे हे विचारा, कारण भाज्यांच्या सुपालाही अनेकदा मांसाचाच आधार असतो. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, कोंबडी आणि मासे नकोत, हे तीन शब्दप्रयोग पाठ असू द्यावेत. नुसते ‘मांस नको’ म्हटले तर कोंबडी येऊ शकते.

बाजारात चिरिमोया हे फळ नक्की घ्या. ते सीताफळाचे सख्खे भावंड आहे, गर अधिक घट्ट आणि बिया कमी. आणि ‘केसो एलादो’ चुकवू नका. नावाचा अर्थ गोठवलेले चीज असला तरी त्यात चीज नसते. दूध, नारळ आणि दालचिनी यांचे मिश्रण बर्फ आणि मीठ भरलेल्या लाकडी पिंपात भांडे फिरवून गोठवतात, आणि भांड्याच्या कडेला धरलेले पापुद्रे खरवडून देतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या पॉट आइस्क्रीमची रीत हीच आहे.

सुरक्षिततेविषयी माझा अनुभव चांगला आहे. तिकिटावर पासपोर्टचा क्रमांक लिहिलेला असतो, चढताना ओळख तपासतात आणि सुटण्यापूर्वी सर्व प्रवाशांचे चित्रीकरण केले गेले. सॅकला क्रमांकाचे लेबल लावून दुसरा तुकडा आपल्याला देतात, तो जपून ठेवावा. स्वस्तातली, वाटेत कोठेही थांबून प्रवासी घेणारी बस मात्र रात्री टाळावी. टॅक्सी रस्त्यावर हात दाखवून न थांबवता हॉस्टेलवाल्यांकडून मागवून घ्यावी.

दूरदेशी

मी अमेरिकेत राहतो आणि काही वर्षांपूर्वी आरेकिपाला गेलो होतो. लेखातील बहुतेक सर्व मुद्द्यांशी सहमत आहे, परंतु एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. हा प्रवास रात्री करूच नये. शहर सोडल्यानंतर रस्ता सालिनास इ आग्वादा ब्लांका या अभयारण्यातून जातो. तेथे पिवळ्या गवताच्या माळावर विकुन्यांचे कळप दिसतात. विकुन्या हा उंटाच्या कुळातला, हरणासारखा नाजूक प्राणी आहे आणि त्याची लोकर जगातील सर्वांत तलम लोकरींपैकी मानली जाते. मागे मिस्ती आणि ६०५७ मीटरांचा चाचानी हळूहळू मागे सरकतात. मी दिवसाच्या बसने गेलो, आणि आज डोळे मिटले तर शहरापेक्षा तो माळच प्रथम दिसतो. रात्रीच्या बसमध्ये एका मुक्कामाचे पैसे वाचतात हे खरे, पण हा सगळा प्रदेश अंधारात निघून जातो.

दुसरे असे की आन्दिज पर्वतातील पवित्र स्थळांच्या संग्रहालयाचा, म्हणजे तेथे ठेवलेल्या ‘ह्वानिता’ या मुलीच्या गोठलेल्या देहाचा, उल्लेख लेखात कोठेच नाही. ते राहून कसे गेले?

पाऊलखुणा

दूरदेशी, दिवसाच्या प्रवासाविषयी आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. ज्यांच्याकडे एक दिवस जास्त आहे त्यांनी तसेच करावे. माझ्याकडे तो नव्हता.

ह्वानिताचा उल्लेख मी जाणूनबुजून टाळला, कारण त्याविषयी दोन ओळींत लिहिणे मला योग्य वाटले नाही. आदल्या दिवशी मी तेथे गेले होते. साधारण १५ व्या शतकाच्या मध्यास, स्पॅनिशांपूर्वी येथे राज्य करणाऱ्या इंकांनी बारा ते पंधरा वर्षे वयाच्या एका मुलीला सुमारे ६३०० मीटर उंचीच्या आम्पातो शिखरावर नेऊन तिचा बळी दिला. शेजारच्या साबानकाया ज्वालामुखीच्या राखेने बर्फ वितळले, आणि सप्टेंबर १९९५ मध्ये योहान राइनहार्ड आणि मिगेल साराते या गिर्यारोहकांना तिचा गोठलेला देह सापडला. तो काचेच्या पेटीत, गोठणबिंदूच्या खूप खाली तापमान राखून ठेवलेला आहे. तिच्यासोबत सापडलेली वस्त्रे, छोट्या सोन्या-चांदीच्या मूर्ती आणि चपला आधी दाखवतात. तिच्यापर्यंत अंधाऱ्या खोलीत शेवटी नेतात. वर्षाच्या सुरुवातीचे काही महिने तिला विश्रांती देऊन दुसरा देह ठेवतात, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

काजवा

पाऊलखुणा, आपण लिहायचे टाळले ते मला समजते. मी त्या संग्रहालयाच्या दारापर्यंत जाऊन परतले. एका लहान मुलीचा देह तिकीट काढून पाहणे मनाला पटले नाही. बळी देणाऱ्यांनी तिला देवांकडे पाठवली आणि आपण तिला काचेत ठेवली. या दोन्हींत तिला कोणी विचारले नव्हते. जे गेले त्यांना मी दोष देत नाही, परंतु हा प्रश्न आत जाण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावा, असे मनापासून वाटते.

पाऊलखुणा

काजवा, आपल्या भावनेचा मला आदर आहे. मला आत गेल्याचा पश्चात्ताप नाही, कारण तेथील तरुण मार्गदर्शिका तिच्याविषयी घरातल्या मुलीविषयी बोलावे तशी बोलत होती, आवाज खाली ठेवून, आणि छायाचित्रे काढण्यास पूर्ण मनाई होती. तरीही तिच्या हातांची नखे पाहिल्यावर मला पुढे उभे राहवले नाही. दुसऱ्या दिवशी मठातल्या त्या लाकडी जाळीसमोर मी इतका वेळ का थांबले, याचे कारणही कदाचित हेच असावे. दोन्ही मुली साधारण एकाच वयाच्या, आणि दोघींनाही मोठ्यांनी देवाकडे सोपवलेले.

सह्यवेडा

आपल्या सल्ल्यानुसार कोल्का रद्द केले आणि दीड दिवस आरेकिपातच राहायचे ठरवले. दूरदेशी यांनी सांगितलेली दिवसाची बस माझ्या आखणीत बसत नाही, त्यामुळे रात्रीचीच घेईन. विरळ हवेच्या त्रासावर कोकाची पाने खरोखर उपयोगी पडतात का? आणि बसमध्ये आसन कोठले घ्यावे?

पाऊलखुणा

कोकाच्या पानांचा काढा पेरूत सर्वत्र उघडपणे मिळतो. मला त्याने बरे वाटले. परंतु खरा उपाय म्हणजे सावकाश चालणे आणि पाणी पिणे. औषधे घ्यायची असतील तर ती निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. कोकाची पाने किंवा त्याच्या चहाच्या पुड्या आठवण म्हणून घरी मात्र आणू नका; भारतात आणि वाटेतल्या बऱ्याच देशांत त्या बेकायदेशीर आहेत.

आसनाविषयी सांगायचे तर दुमजली बसमध्ये खालच्या मजल्यावरची जागा घ्या. तेथे आसने थोडी असतात, ती जास्त मागे कलतात आणि वळणांवर वरच्याइतके हेलकावे बसत नाहीत. वरच्या मजल्यावर अगदी पुढे काचेपाशी बसण्याचा मोह होतो, पण रात्री तेथून समोरून येणाऱ्या ट्रकांच्या दिव्यांखेरीज काही दिसत नाही आणि काचेतून थंडी येते. लोकरीची टोपी, जाड मोजे आणि पाणी जवळच्या छोट्या पिशवीत ठेवा, कारण सॅक एकदा डिकीत गेली की कुस्कोपर्यंत हाती लागत नाही.